मदत हवी आहे: कडाक्याच्या थंडीत स्क्रीन प्रिंटिंगच्या इंक कशा सांभाळायच्या?

नमस्कार मंडळी,

टी-शर्ट छापायच्या खोलीत रात्री हीटर बंद असतो आणि पहाटे पारा शून्याखाली उतरतो. प्लास्टिसोलच्या (तापवून पक्क्या होणाऱ्या प्लास्टिकच्या इंकच्या) बादल्या, वॉटर बेसचे (पाण्यातल्या इंकचे) डबे, फोटो इमल्शन (स्क्रीनवर लावायचा, उजेडाने घट्ट होणारा लेप), सगळं तिथेच आहे. घरात थोडीच जागा आहे. आधी काय हलवायचं?

प्लास्टिसोलचा पांढरा सकाळी इतका घट्ट असतो की त्यात खोचलेली पट्टी उभीच राहते. स्क्विजीवर (इंक ओढायच्या रबरी पट्टीवर) जोर देऊनही इंक मेशमधून, म्हणजे स्क्रीनच्या जाळीतून, धड उतरत नाही. दुसरीकडे वॉटर बेस काळ्याचा एक डबा पूर्ण गोठला. वितळल्यावर वर पाणी सुटलं, आणि भरपूर ढवळूनही चिमटीत घेतला तर रवाळ लागतो.

हा काळा गाळून चालेल का? पांढऱ्यात रिड्यूसर (इंक पातळ करणारं द्रव) घालू का? आणि बादलीला हीट गन दाखवली तर?

प्रतिसाद १

काळा वापरू नका. वॉटर बेसमध्ये बाइंडरचे, म्हणजे रंग कापडाला धरून ठेवणाऱ्या पदार्थाचे, बारीक कण पाण्यात सुटे असतात. पाण्याचा बर्फ होताना ते एकमेकांवर दाबले जाऊन चिकटतात आणि बर्फ वितळला तरी पुन्हा सुटे होत नाहीत. इंक फाटली ती फाटलीच. गाळलीत तर गुठळ्यांबरोबर बाइंडरही जाईल, आणि उरलेल्या इंकचं छापकाम धुण्यात टिकेल याची खात्री देता येणार नाही. मोरीतही ओतू नका. तेव्हा घरात पहिला मान वॉटर बेसचा.

प्लास्टिसोलमध्ये पाणी नसतंच, पीव्हीसी प्लास्टिकचे कण प्लास्टिसायझरमध्ये (प्लास्टिक मऊ ठेवणाऱ्या तेलकट द्रवात) असतात. थंडीने ती आळते, पण बिघडत नाही. पांढऱ्यात टायटॅनियम डायऑक्साइड ही पांढरी पूड भरपूर, म्हणून तोच सगळ्यात जास्त छळतो. बादली आदल्या रात्री २० ते २५ अंशांच्या खोलीत आणा आणि सकाळी तळापासून ढवळा. नुसत्या ढवळण्यानेही ती बरीच सैल होते. रिड्यूसरची घाई नको. थंड इंकला बेतून घातलात तर दुपारी ऊब आल्यावर तीच इंक पातळ पडते आणि गडद कापडावर झाकत नाही.

हीट गन तर अजिबात नको. एका जागी तापली की तिथे इंक जेल व्हायला, म्हणजे अर्धवट पक्की व्हायला लागते, आणि ते परत फिरवता येत नाही.

प्रतिसाद २

वरचं सगळं पटलं. माझ्या मते थंडीत खरा धोका क्युअरिंगचा (छापलेली इंक तापवून पक्की करण्याचा) आहे, कारण तो छापताना दिसत नाही. नेहमीच्या प्लास्टिसोलचा पूर्ण थर सुमारे १६० अंशांपर्यंत तापावा लागतो. इंक गार, कापड गार, आणि ड्रायरचा पट्टा मात्र उन्हाळ्यातल्याच वेगाने, असं झालं की वरून कोरडं वाटतं आणि आत कच्चं राहतं. पट्टा हळू करा. नमुना गार झाल्यावर ताणून पाहा, तडे गेले तर क्युअर कमी पडलाय. एक कपडा धुऊनही बघा.

बादल्या थेट फरशीवर असतील तर लाकडी फळीवर घ्या, फरशी तळातून गारवा देत राहते. सॉल्व्हंट बेस इंक असेल तर मात्र ती हीटरजवळ ठेवू नका, तिची वाफ पेट घेते.

धागाकर्ता

मनापासून आभार, दोघांचेही. काळा बाजूला काढतो, वॉटर बेस आजच घरात आणतो. इमल्शनचं काय करू? ते अजून गोठलेलं नाही.

प्रतिसाद १

तेही पाण्यातलंच, म्हणून वॉटर बेसबरोबर आत घ्या. मात्र उजेडापासून दूर, झाकण घट्ट लावून. आत आणल्याबरोबर डबा उघडू नका. गार डब्यात खोलीतली दमट हवा शिरली की ओल धरते. खोलीइतका कोमट झाला की मग उघडा, आणि सगळ्या स्क्रीनवर लेप देण्याआधी एका छोट्या फ्रेमवर लावून एक्स्पोज करून (उजेड दाखवून) बघा. गुठळ्या किंवा बारीक छिद्रं दिसली नाहीत तर बिनधास्त वापरा.