चंद्रावर पुन्हा माणूस पाठवण्याचा खर्च जनतेच्या पैशातून व्हावा का?

प्रश्न:
नासाच्याच महानिरीक्षकांच्या अंदाजानुसार चंद्रावर पुन्हा माणूस उतरवण्याच्या आर्टेमिस कार्यक्रमावर २०२५ पर्यंत ९३ अब्ज डॉलर खर्च होणार होते, आणि एसएलएस रॉकेट व ओरायन यानाच्या पहिल्या चार उड्डाणांना प्रत्येकी ४.१ अब्ज डॉलर लागणार होते. १९६९ ते १९७२ या काळात बारा जण चंद्रावर चालून आले आहेत आणि आता यंत्रेही पुष्कळ तरबेज झाली आहेत. मग करदात्यांच्या पैशातून पुन्हा माणूसच पाठवण्याचा आग्रह कशासाठी? विज्ञानावरील खर्चाला माझा विरोध नाही, म्हणूनच हे नीट समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद १:
माणसाला चंद्रावर नेणाऱ्या अपोलो कार्यक्रमाच्या ऐन भरात, १९६६ साली, अमेरिकेच्या केंद्रीय अर्थसंकल्पातील चार टक्क्यांहून अधिक वाटा नासाकडे जात असे. आज तो अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. चांद्रमोहीम थांबवल्याने शाळा-रुग्णालयांची ददात मिटेल, असे मला वाटत नाही.

प्रतिसाद २:
वाटा लहान आहे म्हणून खर्च योग्य ठरत नाही. हाती काय लागते ते पाहायला हवे. अपोलोच्या सहा मोहिमांनी ३८२ किलो दगडमाती आणली, तर चीनच्या चांग-ई ५ आणि ६ या यंत्रमोहिमांनी मिळून पावणेचार किलोंहून थोडी कमी. प्रश्न केवळ वजनाचाही नाही. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ चे भूवैज्ञानिक हॅरिसन श्मिट यांना शॉर्टी विवराच्या काठावर पायाखाली नारिंगी माती दिसली. वेळ अपुरा असूनही त्यांनी आणि सोबतचे अंतराळवीर सर्नन यांनी तिथेच चर खणला, नमुने घेतले आणि जमिनीत नळी ठोकून खालच्या थरांसह माती काढली. ते ज्वालामुखीतून उडालेले काचेचे सूक्ष्म मणी निघाले, आणि अशाच मण्यांत २००८ मध्ये पाण्याचा अंश सापडल्याने चंद्राचे अंतरंग पूर्णपणे कोरडे असल्याची समजूत मोडली. समोर दिसले आणि तिथल्या तिथे ठरवले, हे जाणत्या माणसाला जसे जमते तसे दुरून चालवलेल्या यंत्राला अजून जमलेले नाही.

प्रतिसाद ३:
हे मान्य करूनही माझा आक्षेप रॉकेटवर आहे. नासाच्या जुन्या स्पेस शटल यानांच्या फेऱ्यांत पुन्हा पुन्हा वापरलेली आरएस-२५ इंजिने एसएलएसवर बसवून नोव्हेंबर २०२२ च्या पहिल्याच उड्डाणात अशी चार इंजिने कायमची गमावली, याचे समर्थन कसे करायचे? शिवाय होईल तो खर्च अधिक नफा, अशा करारांमुळे विलंबाचा भुर्दंड सरकारवरच पडतो. याउलट २०२१ मध्ये स्पेसएक्स या खासगी कंपनीला लँडरसाठी, म्हणजे चंद्रावर उतरणाऱ्या यानासाठी, दिलेला २.८९ अब्ज डॉलरचा करार ठरावीक रकमेचा आहे. माणूस जरूर पाठवावा, पण रॉकेटही अशाच अटीवर घ्यावे.

प्रश्नकर्ता:
श्मिट यांचे उदाहरण मला पटले. मात्र ठरावीक रकमेच्या करारात कंपनीला तोटा होऊ लागला आणि तिने काम सोडले, तर पुढचा भार कोणी उचलायचा?