इंदुरात जुनं घर घेऊन भाड्याने देणं परवडतं का? माझा दुरुस्तीचा अंदाज साडेसहा लाखांनी चुकला

रामबागकर

गेल्या वर्षी मार्चमध्ये लोकमान्य नगरात पस्तीस वर्षं जुनं घर घेतलं, तळमजला आणि वर एक मजला. राहायला नव्हे, दोन कुटुंबांना भाड्याने द्यायला. दुरुस्तीला ४ लाख बाजूला ठेवले होते. खर्च झाला साडेदहा लाख, आणि दोन महिन्यांचं काम आठ महिने चाललं.

पैसे कुठे गेले ते सांगतो. न्हाणीघराची फरशी उकलली तेव्हा प्लंबरने आतला जुना जीआय पाइप (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) कापून माझ्या हातात दिला. बाहेरून धड दिसत होता, आत मात्र पेन्सिल जाईल एवढंच भोक उरलेलं, बाकी गंज आणि क्षाराचा थर. सगळ्या घराची पाइपलाइन बदलावी लागली, ९० हजार. वरच्या खोलीतलं पीओपीचं छत काढलं तर स्लॅबच्या सळया उघड्या पडलेल्या, नखाने खरवडलं तरी पापुद्रे गळत होते. तिथे २ लाख १० हजार. वायरिंगमध्ये धरल्यापेक्षा १ लाख २० हजार जास्त. मागच्या भिंतीच्या भेगांत सिमेंट भरून, जाळी मारून नवा गिलावा केला, १ लाख ६० हजार. उरलेले ७० हजार किरकोळीत गेले, त्यांचा हिशोब आजही लागत नाही.

दोन्ही मजल्यांचं मिळून भाडं २० हजार येतं. म्हणजे पावणेतीन वर्षांचं भाडं नुसत्या चुकलेल्या अंदाजापायी गेलं. माझं स्पष्ट मत झालंय: नोकरदार माणसाने जुन्या घराच्या वाटेला जाऊ नये, नवा फ्लॅट घ्यावा.

पाया_आधी

दादा, नुकसान खरं आहे, पण निष्कर्ष पटला नाही. बावीस वर्षं इंदुरातच बांधकामावर आहे, म्हणून बोलतो. घर जुनं होतं हा दोष नाही. ते एकदाच, तेही मार्चमध्ये पाहिलंत, तिथे चुकलं.

माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात मोकळ्या प्लॉटवर हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या तुम्हीही पाहिल्या असतील. पाया उथळ असला की भिंत दरवर्षी त्या मातीबरोबर वर-खाली होते. रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने अशा मातीसाठी खाली फुगवटा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे काँक्रीटचे खांब, विकसित केले, ते याचसाठी. आपल्याकडच्या जुन्या बैठ्या घरांना ते सहसा नसतात. म्हणून घर दोनदा पाहावं, ऐन मे महिन्यात एकदा आणि दोन-तीन चांगले पाऊस पडून गेल्यावर एकदा. तेवढा वेळ नसेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग शोधा, दार वरच्या कोपऱ्यात अडकतं का बघा, जुन्या रंगात मध्येच नव्या गिलाव्याचा पट्टा आहे का बघा. असा पट्टा दिसला की मालकाला तिथे काय होतं ते सरळ विचारायचं.

स्लॅबचंही तसंच. सळई गंजली की गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, तो वरचं काँक्रीट ढकलून पाडतो. हातोडीने टकटक केलं की अशी जागा पोकळ वाजते. पीओपी होतं म्हणून दिसलं नाही म्हणता, पण दिव्याच्या खाचेतून टॉर्च मारून पाहता आलं असतं.

सुदामानगरची_भाडेकरीण

मला दोघांशीही थोडं भांडायचं आहे. पाइप आणि वायरिंग यांना तुम्ही ‘चुकलेला अंदाज’ का म्हणता? ज्या घरात दुसऱ्याचं कुटुंब राहणार, तिथे हे पहिलंच काम असायला हवं, रंग शेवटी.

आधीच्या घरात मालकांनी स्वयंपाकघरात चकचकीत टाइल्स लावल्या होत्या आणि गिझरला अर्थिंगच नव्हतं. माझ्या सासूबाईंना नळाला हात लावताच झटका बसला. तेव्हा मालक म्हणाले, “जुनं घर आहे, चालायचंच.” रामबागकर काका, तुम्ही वायरिंग नवं केलंत त्याचा मला मनापासून आनंद आहे. तो खर्च बुडाला असं नका समजू. आम्ही धड घर सोडून जात नाही.

मिस्त्रीघराण्यातला

काका, ठेकेदाराशी बोलणं एकमुठी झालं होतं, म्हणजे सगळ्या कामाचा एकच आकडा, की मापावर? बहुतेक वेळा गोची तिथेच असते. एकमुठीत ठेकेदार आधी कमी आकडा सांगतो, कारण न सांगितला तर काम दुसऱ्याला जातं. मग फरशी उकलली की ‘हे यात धरलं नव्हतं’ सुरू होतं. तो लबाड असतोच असं नाही, भिंतीच्या आतलं त्यालाही दिसत नाही. माझे वडील काम घेण्याआधी एक टाइल, स्विचबोर्डाचा एक डबा आणि छताचा फूटभर तुकडा उघडून दाखवायचे, त्या दिवसाची मजुरी घ्यायचे आणि मगच आकडा बोलायचे. घर ताब्यात आल्यावर पहिल्या दिवशी हे करता येतं.

हिशोबनीस

कराचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. भाड्याच्या उत्पन्नातून दुरुस्तीसाठी सरसकट ३० टक्के वजावट मिळते. तुम्ही रुपया खर्च केला नसला तरी तेवढीच, साडेदहा लाख घातले तरी तेवढीच. मोठी सुधारणा असेल, म्हणजे स्लॅब किंवा सगळी पाइपलाइन, तर तो खर्च विकताना घराच्या खरेदी किमतीत मिळवण्याचा दावा करता येतो. रंगरंगोटीचा नाही. पण २३ जुलै २०२४ नंतर घेतलेल्या घराच्या खरेदी किमतीला महागाईची भर (इंडेक्सेशन) मिळत नाही, दीर्घ मुदतीच्या नफ्यावर थेट १२.५ टक्के कर. म्हणून या मुद्द्यावर मी रामबागकरांच्या बाजूची: जुन्या घराचा हिशोब कागदावर दिसतो त्यापेक्षा कडक असतो. आणि प्रत्येक पक्कं बिल जपा. वहीतला मिस्त्रीचा आकडा दाव्याला कमी पडतो.

रामबागकर

ठेका एकमुठीच होता. भाऊंनी सांगितलेला उघडून पाहायचा दिवस मला कुणी सुचवला असता तर निदान काम मध्ये थांबलं नसतं. ताईंचंही पटलं, वायरिंग मी तोट्यात धरायला नको होतं. फ्लॅटबद्दलचं मत मात्र बदललेलं नाही.

पाया_आधी, एक विचारायचं राहिलं. मागच्या भिंतीवर एवढे पैसे घातले, तरी या एप्रिलमध्ये त्याच रेषेत केसाएवढी भेग परत दिसतेय. ठेकेदार म्हणतो पुन्हा भरून देतो.

पाया_आधी

भरू नका. सिमेंट कडक असतं, माती हलली की ते पुन्हा फुटणार. आधी घराभोवती मीटरभर रुंद काँक्रीटचा पट्टा करा, बाहेरच्या बाजूला उतार देऊन, आणि गच्चीचा पन्हळ पायाशी सुटत असेल तर त्याचं पाणी लांब न्या. पायाजवळची माती वर्षभर सारखी ओली किंवा सारखी कोरडी राहिली पाहिजे. फ्लॅटचा पाया खोल असतो हे मान्य, पण तिथली गळती थांबवायला वरच्या मजल्यावरच्यांची मर्जी लागते.

आणि भेगेवर पातळ काचेची पट्टी आडवी ठेवून तिची दोन्ही टोकं भेगेच्या दोन बाजूंना चिकटवा. काच तडकली तर भिंत अजून हलतेय.

रामबागकर

पन्हळ नेमका त्याच भिंतीपाशी सुटतो. काच रविवारी लावतो, तारीख शेजारी भिंतीवर लिहून.

पाया_आधी

दोन लावा, एक वर आणि एक जोत्याजवळ. आधी कुठली तडकते ते कळवा.