शब्दचर्चा: 'कमांडो', 'विशेष दल', 'विशेष बल' की आणखी काही?

शब्दखूण
आमच्या वाचनालयाच्या भिंतीवर तिन्ही सेनादलांतल्या निवडक तुकड्यांची ओळख करून देणारे तीन फलक लावायचे आहेत. लष्कराची पॅरा एसएफ (पॅराशूट रेजिमेंटची 'स्पेशल फोर्सेस'), नौदलाचे मार्कोस आणि हवाईदलाचे गरुड. मजकूर तिघांनी लिहिला आणि तिघांनी एकाच गोष्टीला तीन नावं दिली: एकाकडे 'विशेष बल', दुसऱ्याकडे 'विशेष कृती दल', तिसऱ्याकडे सरसकट 'कमांडोज'. मार्कोसच्या फलकावर तर 'मार्कोस कमांडोज' असं छापायला निघालेत. एकच शब्द ठरवायचा तर कोणता? आणि 'कमांडोज' मराठीत चालतं का?

जुनी पोथी
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: चालवू नका. लिहिताना आपण 'फोटोज', 'रेडिओज' करत नाही. एक कमांडो, चार कमांडो, कमांडोंनी, कमांडोंचा. तो 'ज' हिंदी वाहिन्यांवरून उतरलाय.

आता मूळ शब्द. कमांडो म्हणजे मुळात माणूस नव्हे, तुकडी. शब्द दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर लोकांच्या भाषेतला, आणि त्यांच्याकडे पोर्तुगीजातून आलेला. तिथे गावोगावचे शेतकरी आपापला घोडा आणि आपापली बंदूक घेऊन हाकेला यायचे, त्या जमावाला 'कोमांडो' म्हणत. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर सगळे स्वतःच्या घोड्यावरचे शिलेदार, सरकारी घोड्यावरचा बारगीर एकही नाही. १८९९ ते १९०२ च्या युद्धात या तुकड्यांनी इंग्रजांना जेरीस आणलं. पुढे १९४० मध्ये जर्मनीच्या ताब्यातल्या किनाऱ्यांवर छापे घालायला ब्रिटिशांनी नव्या तुकड्या उभ्या केल्या, तेव्हा ज्यांनी आपल्याला छळलं त्यांचंच नाव त्यांना दिलं. तेव्हाही 'कमांडो' म्हणजे अख्खी तुकडी. माणसाला तो शब्द नंतर चिकटला.

साताराकर
पोथीबुवा, इतिहास छान, पण फलकावर पॅरा एसएफला 'कमांडो' लिहाल तर आमच्यासारखे जुने लोक तिथेच उभे राहून वाद घालतील. पलटणीत राहिलेला माणूस म्हणून सांगतो, आमच्याकडे 'कमांडो' हा कोर्स आहे.

बेळगावला कमांडो विंग आहे. पायदळातले अधिकारी आणि जवान तिथे जाऊन कोर्स करतात आणि बिल्ला घेऊन परत आपल्या पलटणीत येतात. पायदळाच्या प्रत्येक पलटणीत 'घातक' नावाची प्लाटून असते, तिच्यात असे लोक जास्त. म्हणजे एखादा जवान 'कमांडो कोर्स केलेला' असेल, पण तो एसएफमध्ये असेलच असं नाही. गावात मात्र दोघांनाही 'आमचा पोरगा कमांडो हाय' असंच सांगतात, आणि सांगावंच.

एसएफमध्ये जायचं तर स्वतःहून नाव द्यावं लागतं, मग प्रोबेशन. त्यात बहुतेक जण गळतात. गळणं ही नामुष्की नाही, आपल्या पलटणीत परत यायचं.

आता नावाचा इतिहास. १९६५ च्या युद्धात मेजर मेघसिंग यांनी स्वयंसेवक जमवून 'मेघदूत फोर्स' उभी केली, शत्रूच्या मागे जाऊन काम केलं. त्यातून १९६६ मध्ये ९ पॅरा कमांडो झाली, १९६७ मध्ये तिच्यातूनच वाळवंटासाठी १० पॅरा कमांडो. १९७८ मध्ये १ पॅरा या कामाकडे वळली. तोवर नावात 'कमांडो' होतं. नंतर ते काढून 'स्पेशल फोर्सेस' आलं. लष्कराने स्वतः बदललेला शब्द आपण कशाला धरून बसायचं?

मुद्रितशोधक
साताराकर काकांचा मुद्दा पटला. पण 'स्पेशल फोर्सेस'ला मराठी काय, हा प्रश्न उरतोच. आमच्या कार्यालयात यावर रोज एक कप चहा थंड होतो.

'विशेष बल' थेट हिंदी. हिंदीत सीमा सुरक्षा बल, आपल्याकडे सीमा सुरक्षा दल. हिंदीत केंद्रीय रिज़र्व पुलिस बल, आपल्याकडे केंद्रीय राखीव पोलीस दल. मराठीत 'बल' म्हटलं की मला सातवीचं विज्ञानाचं पुस्तक आठवतं: घर्षण बल, गुरुत्वाकर्षण बल.

'विशेष कृती दल' त्याहून घोटाळ्याचं. 'कृती दल' हा शब्द मराठीत 'टास्क फोर्स'साठी बसलाय. करोनात डॉक्टरांचं कृती दल होतं. पोलिसांचं शीघ्र कृती दल असतं. फलकावर 'विशेष कृती दल' वाचून कुणालाही पोलीसच आठवतील.

म्हणून 'विशेष दल'. अनेकवचनी 'विशेष दले'.

शब्दखूण
पण ताई, 'हवाईदलाचे विशेष दल' असं वाक्य झालं की दलात दल येतं. 'पथक' का नको?

मुद्रितशोधक
भरारी पथक, श्वान पथक, ढोलताशा पथक. पाच-पन्नास माणसांच्या पुढे हा शब्द आता जात नाही. पेशवाईत पथक म्हणजे सरदाराच्या हाताखालचं मोठं घोडदळ असे, तो अर्थ मागे पडला. पॅरा एसएफची एकेक पलटण शेकडो माणसांची, तिला 'पथक' म्हणणं म्हणजे तिला गणपतीच्या मिरवणुकीत उभं करणं. दलात दल येतं तिथे 'हवाईदलाचे गरुड' इतकंच लिहा, नाव आहे ना हाताशी.

साताराकर
'पलटण' लिहा की सरळ. अख्ख्या लष्करात चालतो तो शब्द.

जुनी पोथी
आणि तोही इंग्रजीच बरं. 'बटालियन'चं देशी तोंडात झालेलं रूप, त्यात 'प्लाटून'चीही थोडी सरमिसळ. पण दोनशे वर्षांत इतका मुरला की आता कुणाला परका वाटत नाही. 'कमांडो'चंही तेच होईल.

साताराकर
मुरला म्हणजे कसा, तर आमच्याकडे आजोबाची पलटण, बापाची पलटण, नातवाची पलटण असं चालतं.

फलकावर एक गोष्ट जरूर घाला, मराठी वाचकाला जवळची आहे. २१ पॅरा एसएफ ही मुळात २१ मराठा लाइट इन्फन्ट्री. १९९६ मध्ये तिचं रूपांतर झालं. आजही तिला 'वाघनखं' म्हणतात. २०१५ च्या जून महिन्यात मणिपुरातल्या चंदेलमध्ये आपल्या १८ जवानांना मारल्यानंतर म्यानमारच्या सीमेवर जी कारवाई झाली, ती याच पलटणीची. कर्नल संतोष महाडिक मूळचे याच पलटणीचे. आमच्या साताऱ्याचे. कुपवाड्यात १७ नोव्हेंबर २०१५ ला गेले, तेव्हा ते ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर होते. कमांडिंग ऑफिसर पुढे राहून लढताना जातो, हे लक्षात घ्या.

२ पॅरा पण मराठाचीच, आधीची ३ मराठा. ११ डिसेंबर १९७१ ला टांगाईलला हवाई छत्र्यांनी उतरून पुंगलीचा पूल घेतला, ती हीच. तेव्हा ती एसएफ नव्हती, साधी पॅराशूट पलटण. 'पॅरा' आणि 'पॅरा एसएफ' यातला हा फरक फलकावर आला तर बरं. दोघांच्या डोक्यावर मरून टोपी असते, म्हणून बघणारा फसतो. एसएफवाल्याच्या छातीवर 'बलिदान' बिल्ला असतो.

बेलापूर पट्टी
तोच ना, धोनीच्या ग्लोव्हजवर २०१९ च्या विश्वचषकात होता आणि आयसीसीने काढायला लावला तो?

साताराकर
तोच. पंख असलेला खंजीर आणि खाली देवनागरीत 'बलिदान'. तो मानद लेफ्टनंट कर्नल आहे, पॅराशूट रेजिमेंटच्या प्रादेशिक सेनेच्या पलटणीत.

उरणकर
नौदलाचं मी सांगतो, आमच्या खाडीपलीकडची माणसं म्हणून. 'मार्कोस कमांडो' ही 'एटीएम मशीन'सारखी द्विरुक्ती आहे. मार्कोस या नावातच मरीन आणि कमांडो दोन्ही आहेत. 'मार्कोसने जहाज ताब्यात घेतलं', 'दोन मार्कोस जखमी झाले', एवढं पुरे. नवख्या वाचकासाठी पहिल्यांदा 'नौदलाचे मार्कोस' म्हणा, बाकी काही जोडायची गरज नाही.

'सागरी कमांडो' असंही कुठे कुठे वाचतो. ते नको. सागरी पोलीस, सागरी सुरक्षा, सागरी किल्ले, सगळंच सागरी आहे आपल्याकडे.

१९८७ मध्ये हे दल उभं राहिलं, तेव्हा नाव होतं इंडियन मरीन स्पेशल फोर्स. १९९१ मध्ये मरीन कमांडो फोर्स झालं. म्हणजे लष्कराने 'कमांडो' काढून 'स्पेशल फोर्स' घेतलं, आणि नौदलाने 'स्पेशल फोर्स' काढून 'कमांडो' घेतलं! त्यामुळे साताराकर काकांचा नियम समुद्रात चालत नाही. तळ आयएनएस अभिमन्यू, मुंबईचा. काश्मिरात वुलर तलावावर नेमणूक झाली तेव्हा दाढ्या वाढवून राहायचे, म्हणून 'दाढीवाला फौज' हे नाव पडलं.

मार्च २०२४ चं प्रकरण आठवत असेल. 'रुएन' नावाचं मालवाहू जहाज चाच्यांनी आदल्या डिसेंबरात पळवलं होतं. आपल्या किनाऱ्यापासून २६०० किलोमीटरवर, सी-१७ विमानातून होड्यांसकट मार्कोस समुद्रात उतरवले. आयएनएस कोलकाता आधीच जहाजाला अडवून होती. जवळपास ४० तास चाललं सगळं. १७ खलाशी सुखरूप, ३५ चाचे शरण. ते चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली केले. 'चाचे' हा शब्द मात्र कुणी बदलू नका, 'समुद्री लुटेरे' वगैरे हिंदी लिहून.

शब्दखूण
म्हणजे दोन दलांच्या दोन तऱ्हा. मग गरुडांचं काय?

बेलापूर पट्टी
गरुडांचं सगळ्यात सोपं, शब्दच आपला आहे. २००४ मध्ये हवाईदलाने हे दल उभं केलं. तळांचं रक्षण, शत्रूच्या मुलखात पडलेल्या वैमानिकाला शोधून आणणं, विमानांना लक्ष्य दाखवणं, ही कामं. सुरुवातीला 'टायगर फोर्स' म्हणत होते, ते नाव टिकलं नाही ते बरंच झालं. विमानं उडवणाऱ्यांच्या दलाला वाघ कशाला?

काश्मिरातही लष्कराबरोबर जाऊन लढलेत. ऑक्टोबर २०१७ मध्ये बांदीपोऱ्याच्या हाजिनमध्ये सार्जंट मिलिंद खैरनार गेले, आपल्या महाराष्ट्राचे. पुढच्याच महिन्यात त्याच भागात कॉर्पोरल ज्योतिप्रकाश निराला गेले, त्यांना अशोकचक्र.

व्याकरणाचं एकच: 'गरुड' हे दलाचंही नाव आणि त्यातल्या माणसाचंही. 'गरुडने' लिहायचं की 'गरुडांनी', हे वाक्य बघून ठरवा. 'गरुड कमांडो' चालेल, तिथे द्विरुक्ती नाही. उलट नुसतं 'गरुड जखमी' असा मथळा दिला तर वनखात्याला फोन जातील.

मुद्रितशोधक
मला 'ऑपरेशन'वरही बोलायचंय, कारण फलकांवर तो शब्द वीसदा येणार. सरसकट 'मोहीम' लिहू नका. मोहीम म्हणजे दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघायचं आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतायचं, इतका पल्ला त्या शब्दात आहे. (आता 'स्वच्छता मोहीम' अर्ध्या तासात फोटो काढून संपते, तो भाग वेगळा.) रात्रीत जाऊन रात्रीत परत येण्याला 'छापा' आहे की. छापा घालणे.

जुनी पोथी
अगदी. १९७१ च्या डिसेंबरात १० पॅरा कमांडोंनी भवानीसिंगांच्या नेतृत्वाखाली जीपगाड्यांतून वाळवंट ओलांडून सिंधमधल्या छाछरोवर जे केलं, त्याला छापाच म्हणावं. लाल महालात १६६३ मध्ये झाला तोही छापा. त्याला 'पहिली सर्जिकल स्ट्राइक' म्हणणाऱ्या व्हॉट्सॲप संदेशांनी वैताग आणलाय. सव्वातीनशे वर्षांहून जुनी गोष्ट समजायला परवाचा इंग्रजी शब्द कशाला लागतो?

पण सावध राहा. 'आयकरचा छापा' हा अर्थ आता इतका पुढे आलाय की 'पॅरा एसएफचा छापा' वाचून क्षणभर कपाटातल्या नोटा दिसतात. संदर्भ देऊन लिहा.

बेलापूर पट्टी
'गनिमी कावा' का नाही वापरत कुणी?

जुनी पोथी
कारण ती युद्धाची पद्धत आहे, एकटी कारवाई नव्हे. शिवाय 'गनीम' म्हणजे शत्रू. मोगल आपल्याला गनीम म्हणत, आणि आपण त्यांचाच शब्द अभिमानाने आपल्या युद्धपद्धतीला लावला. 'कावा' म्हणजे आपल्याला डाव, कपट. हिंदीत 'कावा' म्हणजे घोड्याला गोल फिरवणं. बोअरांना गनिमी कावा लागू पडतो. मार्कोस विमानातून समुद्रात उतरले त्याला नाही.

उरणकर
एक राहिलं. सव्वीस अकराला आम्ही सगळे 'कमांडो आले, कमांडो आले' म्हणत होतो. ताज आणि ट्रायडंटमध्ये आधी मार्कोस गेले होते, एनएसजी (राष्ट्रीय सुरक्षा रक्षक) दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली. टीव्हीवर दोघंही 'कमांडो'. काळ्या कपड्यांमुळे पुढे सगळ्यांच्या डोक्यात 'ब्लॅक कॅट'च राहिले. एनएसजी सैन्याचं अंग नाही, ती गृहमंत्रालयाकडे. तिच्यात लष्करातून माणसं जातात, मेजर संदीप उन्नीकृष्णन तसेच गेले होते. म्हणून त्यांना चौथा फलक करू नका, निदान या मांडणीत.

साताराकर
मग गडचिरोलीचं सी-६० पण नको. ते पोलिसांचं. पण त्यांना 'कमांडो' म्हणायला माझी ना नाही. स्थानिक पोरं, जंगल पाठ, भाषा पाठ, आपल्याच मुलखात लढतात. पोथीबुवांनी सांगितलेल्या बोअर कोमांडोशी सगळ्यात जास्त जमतं ते त्यांचंच.

शब्दखूण
तर मजकूर असा करतोय, बघा. मुख्य मथळा: 'सेनादलांची विशेष दले'. पहिला फलक: 'पॅरा एसएफ: लष्कराची विशेष दले'. दुसरा: 'मार्कोस: नौदलाचे विशेष दल'. तिसरा: 'गरुड: हवाईदलाचे विशेष दल'. 'कमांडो' फक्त इतिहासाच्या परिच्छेदात आणि 'गरुड कमांडो' या जोडीत. अनेकवचनाचा 'ज' सगळीकडून काढला.

मुद्रितशोधक
पहिल्या फलकावर 'विशेष दले' नको, 'लष्कराच्या विशेष पलटणी' करा. साताराकर काका उद्घाटनाला येणार असतील तर नक्कीच करा.

साताराकर
येणार. आणि 'हवाईदल' एका फलकावर जोडून, दुसऱ्यावर तोडून लिहू नका, तेवढं बघा.