अनुभव धागा: हरिकेन येऊन गेलेल्या ठिकाणी सुट्टीला गेला आहात का?

नमस्कार मंडळी. २८ ऑक्टोबर २०२५ ला मेलिसा हे श्रेणी ५ चं, म्हणजे सगळ्यात तीव्र दर्जाचं हरिकेन जमैकाच्या पश्चिम भागावर धडकलं. माँटेगो बेच्या बाजूची आमची सहल त्याच्या आधीच ठरली होती, ती पुढे ढकलली. आता पुन्हा तारखा शोधतेय. हॉटेल म्हणतं या, घरचे म्हणतात, लोकांची छपरं उडालीत आणि तुम्ही पोहायला निघालात? सोबत सासूबाई आहेत, त्यांची रोजची औषधं आहेत. वादळातून सावरणाऱ्या कुठल्याही ठिकाणी गेला असाल तर लिहा. कधी गेलात, काय चालू होतं, निघायच्या आधी काय विचारलंत? जाहिरातीतली वाक्यं नकोत, ती माझ्याकडे भरपूर आहेत.

*

आम्ही प्वेर्तो रिकोला गेलो ते मारियानंतरच्या वसंतात. मारिया २० सप्टेंबर २०१७ चं, आणि शेवटच्या घरांपर्यंत वीज पोचायला जवळपास वर्ष लागलं. त्यामुळे 'वीज आली का?' हा प्रश्न बेटापुरता विचारून उपयोग नव्हता. सान हुआनमध्ये हॉटेलात एसी गारेगार; डोंगराकडे गाडी वळवली की घरांवर निळ्या ताडपत्र्या, सिग्नल बंद आणि चौकात आधी कोण जाणार ते खाणाखुणांनी ठरवायचं.

आरक्षणाआधी मी हॉटेलला फोन करून विचारलं होतं: जनरेटर आहे का, त्यावर लिफ्ट चालते का, आणि पाण्याचा पंप चालतो का. पंपाचं कुणाला सुचत नाही. दिवे लखलखीत आणि वरच्या मजल्यावर नळ कोरडा, असं होऊ शकतं. रोख पैसे नेहमीपेक्षा जास्त ठेवा, नेटवर्क गेलं की कार्डाचं मशीन ढिम्म.

एल युंकेच्या जंगलात बऱ्याच पायवाटा बंद होत्या. व्हिएकेस बेटावरच्या मॉस्किटो बेमध्ये रात्री पाणी चमकतं, ते मारियानंतर काही महिने अंधारलं होतं आणि मग हळूहळू परत उजळलं. पण ताई, तुमच्यासाठी महत्त्वाचं वेगळंच आहे. त्याच व्हिएकेसवरचं एकमेव रुग्णालय मारियात निकामी झालं आणि पुढची कित्येक वर्षं तात्पुरत्या सोयीवर काम चाललं. किनारे केव्हाच पर्यटकांनी भरले होते. सासूबाईंना नेणार असाल तर हॉटेलच्या आधी जवळचं रुग्णालय शोधा.

*

नकाशा बघा, एवढंच सांगतो. सप्टेंबर २०१९ मध्ये डोरियनने बहामातल्या अबाको आणि ग्रँड बहामा या बेटांची वाट लावली. बातम्यांत मात्र सरसकट 'बहामा उद्ध्वस्त'. आमचं आरक्षण राजधानी नसाऊचं होतं, वेगळ्या बेटावर, आणि तिथे सगळं सुरळीत होतं. नातेवाइकांनी रद्द करा म्हणून धोशा लावला होता. आम्ही गेलो. देशाला पर्यटनाचे पैसे हवेच होते, आणि ते शाबूत बेटांवरूनच मिळणार होते.

*

हरिकेन म्हणजे समुद्रकिनारा असं धरून चालू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीनने समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरांत पूर आणला. तिथल्या ॲशव्हिलचं प्रसिद्ध पर्यटनस्थळ बिल्टमोर २ नोव्हेंबरला उघडलं, आणि शहराच्या नळाचं पाणी पिण्यालायक ठरलं १८ नोव्हेंबरला! 'उघडलंय' या शब्दावर किती भिस्त ठेवायची ते बघा.

आम्ही पुढच्या वसंतात गेलो. टेनेसीच्या बाजूला आय-४० महामार्ग मार्च २०२५ मध्ये सुरू झाला होता, तोही दोन्ही दिशांना एकेकच लेन. ब्लू रिज पार्कवे हा डोंगरातला रस्ता मध्येच बंद, मध्येच चालू. कुठला टप्पा खुला आहे ते पार्कच्या साइटवर सकाळी बघूनच निघायचो.

*

विम्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून. वादळाला नाव मिळाल्यावर काढलेली पॉलिसी साधारणपणे त्या वादळामुळे झालेल्या नुकसानीचे पैसे देत नाही. 'कुठल्याही कारणाने रद्द' असा वेगळा प्रकार मिळतो. तो सहलीचा पहिला हप्ता भरल्यावर थोड्याच दिवसांत घ्यावा लागतो आणि बहुधा खर्चाच्या निम्मे ते पाऊण पैसेच परत देतो. अमेरिकेत विमान कंपनीने उड्डाण रद्द केलं आणि तुम्ही पर्यायी उड्डाण नाकारलं, तर तिकिटाचे पैसे परत. विमान उडतंय पण हॉटेल बंद आहे, ही विमान कंपनीची डोकेदुखी नाही.

अटलांटिकचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, ऐन जोर १० सप्टेंबरच्या आसपास. डागडुजी केलेल्या छपरांच्या गावी मी तरी तेव्हा जाणार नाही.

*

मला थोडं विरुद्ध बोलायचंय. 'गेलंच पाहिजे, त्यांना पैशांची गरज आहे' हे खरं, पण केव्हा? २८ सप्टेंबर २०२२ ला इयनने फ्लोरिडात सॅनिबेल बेटाचा पूलरस्ताच तोडला. अशा ठिकाणी पहिले काही महिने शाबूत खोल्या वीज जोडणाऱ्यांना, मदतकार्यातल्या लोकांना आणि घर गेलेल्या रहिवाशांना लागतात. आपण चार पैसे जास्त देऊन ती खोली अडवायची, ही मदत नव्हे. आम्ही तिथल्या छोट्या हॉटेलला सरळ विचारलं, तुम्हाला पाहुणे कधीपासून हवेत? त्यांनी सांगितलेल्या महिन्यातच गेलो. सेवा संथ होती; वाढणाऱ्या बाईंचं स्वतःचं घर अजून दुरुस्त व्हायचं होतं. पडक्या घरांसमोर सेल्फी काढणारेही दिसले. त्यांच्याबद्दल न लिहिलेलं बरं.

*

धागाकर्ती परत आलेय, सगळ्यांचे आभार. पंपाचा प्रश्न हॉटेलला आजच विचारला. पंप जनरेटरवर आहे, लिफ्टचं 'विचारून कळवतो' असं उत्तर आलं. म्हणून तळमजल्याची, रद्द करता येणारी खोली धरली, जूनच्या आतली. रुग्णालयाची चौकशी चालू आहे. नैऋत्येला ब्लॅक रिव्हर गावाच्या बाजूने अलीकडे कुणी गाडीने गेलंय का? नकाशा रस्ता खुला दाखवतोय, पण सासूबाईंना घेऊन निघण्याआधी प्रत्यक्ष गेलेल्या माणसाकडून ऐकायचंय.