ॲक्टिव्हाचा प्लग अडकलाय, पाना फिरवायला जागा नाही

इचलकरंजीकर
गाडी ॲक्टिव्हा ४जी, २०१७ची, कार्ब्युरेटरवाली. ३६ हजार किमी झालेत. चढावर मिसिंग करतेय, म्हणजे मधेच ठिणगी चुकून अडखळतेय, म्हणून स्पार्क प्लग बदलायला घेतला. सीटखालचं, पायांकडचं झाकण काढलं, प्लगवरची वायरची कॅपही निघाली. टूलकिटमधला प्लगपाना आत बसतो, पण दांडी जरा फिरली की चासीच्या पाइपला अडते. तेवढ्या फिरण्यात प्लग जागचा हलत नाही. मागच्या वेळी फार आवळलेला दिसतोय. दांडीत लोखंडी पाइप घालून जोर लावू का? नवीन प्लग सीपीआर७ईए-९ आणलाय, पुस्तिकेतला नंबर जुळवून.

सोळाची_गोटी
पाइप अजिबात घालू नका. या प्लगचे आटे फक्त १० मिमीचे आहेत आणि हेड, म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, ॲल्युमिनियमचं. तुमच्या नंबरातलं पहिलं ‘सी’ तेच सांगतं: १० मिमी आटे, १६ मिमीचा पाना. लांब दांडीने ओढलं तर प्लग तरी तुटेल, नाहीतर आटे सोबत घेऊन येईल.

दांडी अडतेय तर दांडीच बदला. १६ मिमीची पातळ भिंतीची प्लग गोटी (प्लगवर बसणारं पान्याचं नळीसारखं टोक) घ्या, आत रबर असलेली. त्यावर ३/८ इंची एक्स्टेन्शन (जोडदांडी) आणि रॅचेट (मागेपुढे हलवलं तरी एकाच दिशेने फिरवणारी दांडी). १/२ इंची सेटमधली गोटी बाहेरून जाड असते, इंजिनावरच्या प्लास्टिकच्या आवरणाच्या भोकात ती नीट उतरत नाही आणि तिरकी बसते. एक्स्टेन्शन इतकं लांब हवं की रॅचेट चासीच्या पाइपाबाहेर येईल. रॅचेटला थोड्याशा फिरण्यातही काम होतं, म्हणून तिथे तेच हवं. युनिव्हर्सल जॉइंट (मधे वाकणारा सांधा) शक्यतो टाळा. लावावाच लागला तर त्यावर दोन वेढे चिकटपट्टी मारा, म्हणजे तो लुळा पडणार नाही. गोटी कलली की प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीला केसाएवढी चीर जाते. अशा प्लगवर गाडी सुरू होते, जागेवर छान चालते, आणि चढावर ठिणगी चिरेतून पळते. म्हणजे तुमची आत्ताचीच तक्रार, नव्या प्लगवर.

आणि प्लग हलवायच्या आधी त्या खड्ड्यात हवा मारा. पुढच्या चाकाने उडवलेली माती प्लगच्या बुडाशी साठून बसते. प्लग निघाला की ती सरळ सिलिंडरमध्ये पडते. पंक्चरवाल्याकडची हवा पुरते, फक्त डोळे सांभाळा.

घाटवाट
इंजिन गरम करून काढा की. ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त फुगतं, भोक मोठं होतं, प्लग सुटतो.

आटेदार
घाटवाट, फुगण्याचं बरोबर आहे, जवळजवळ दुप्पट फुगतं. पण गरम ॲल्युमिनियम मऊही पडतं. आट्यांत कार्बन बसलेला असेल तर तो मऊ आटे खरवडतच बाहेर येतो. नेहमीचा प्लग थंड इंजिनावरच काढायचा. अडकलेल्याला मधला मार्ग: इंजिन दोनेक मिनिटं चालवा, बंद करा, हेडला हात सहज टेकवता येईल इतकं निवू द्या.

इचलकरंजीकर, कोमट हेडवर प्लगच्या बुडाशी गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन-तीन थेंब सोडा आणि वीस मिनिटं हात लावू नका. मग रॅचेटला हळूहळू वाढता दाब द्या, झटका नाही. सुटला की लगेच सगळा बाहेर काढायचा मोह आवरा. पाव फेरा सोडा, थोडा परत आवळा, पुन्हा सोडा. ‘कुईं’ असा कोरडा आवाज आला की थांबा, आणखी दोन थेंब, पुन्हा मागेपुढे. या कामाला अर्धा तास लागला तरी चालेल. निघालेल्या प्लगच्या आट्यांत चांदीसारखी चकचकीत तार अडकलेली दिसली तर ते हेडचं ॲल्युमिनियम आहे. मग नवा प्लग दाबून बसवू नका. लेथवाल्याकडे १० बाय १चा इन्सर्ट (नवे आटे देणारा तुकडा) बसवून मिळतो, पण कीस आत पडू न देणारा माणूस शोधा.

इचलकरंजीकर
निघाला! सहा इंची एक्स्टेन्शन लागलं. आटे स्वच्छ आहेत, कीस नाही. टोक मात्र काळं, कोरड्या काजळीचं. आता नवीन बसवताना त्या खोल जागेत बोटं पोचत नाहीत. गोटीनेच फिरवू?

सोळाची_गोटी
गोटीने सुरुवात करू नका, आटे वाकडे चढले तरी हाताला कळत नाही. पेट्रोलच्या रबरी पाइपचा सहा-सात इंचांचा तुकडा प्लगच्या वरच्या टोकावर घट्ट बसवा आणि त्याने प्लग आत उतरवा. आधी उलटा फिरवा. एका जागी प्लग किंचित खाली बसल्याचा ‘टक्’ जाणवेल, तिथून सुलटा सुरू करा. वाकडा लागला तर रबर हातात नुसतं घसरतं, आटे बिघडवण्याइतका जोर त्यात नसतोच. वॉशर टेकेपर्यंत प्लग रबरानेच जायला हवा. पीच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १ मिमी आहे, म्हणजे बरेच फेरे होतात. दोन-तीन फेऱ्यांत अडला तर बाहेर काढा, पुन्हा लावा.

वॉशर टेकला की मग गोटी, आणि नव्या प्लगला अर्धा फेरा. जुनाच प्लग परत लावायचा असेल तर वॉशर आधीच दबलेला असतो, त्याला घड्याळातल्या एका तासाच्या घराइतकंच. टॉर्क पाना (आवळण्याचा जोर दाखवणारा) असेल तर १० ते १२ न्यूटन मीटर. कारच्या १४ मिमी प्लगला २५ ते ३० लागतो, तोच हात स्कूटरवर चालवला की आटे जातात. सैलही ठेवू नका. प्लगची बरीचशी उष्णता आट्यांतून आणि वॉशरमधून हेडमध्ये जाते, सैल प्लग तापून खराब होतो.

आट्यांना ग्रीस नको. घसरण वाढते, तेवढ्याच जोरात जास्त आवळला जातो, आणि पुढच्या वेळी पुन्हा हेच.

आटेदार
गॅपही, म्हणजे प्लगच्या टोकांमधली ठिणगीची फट, बघून घ्या. नंबराच्या शेवटचा ९ म्हणजे ०.९ मिमी. डबी पडली असेल तर बदललेला असतो. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला, कमी-जास्त करायचा तर बाहेरचीच पट्टी हलवा, मधल्या टोकाला धक्का नको.

कोरडी काजळी म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. ३६ हजारांत एअर फिल्टर कधी बदललाय ते पाहा, तो भरलेला असेल तर नवा प्लगही हजारेक किमीत काळा होईल. फिल्टर नवा असेल तर चोक (गार इंजिन सुरू करताना हवा कमी करणारी झडप) पूर्ण उघडतोय का ते बघायचं. काळं आणि तेलकट असतं तर पिस्टनच्या रिंगांकडे किंवा व्हॉल्व्ह सीलकडे बोट गेलं असतं, तुमचं तसं नाही.

कॅप ‘खट्’ होईपर्यंत दाबा. तिच्या भोवतीचं रबर आवरणाच्या भोकात चहूबाजूंनी बसायला हवं. हे इंजिन पंख्याच्या हवेवर थंड होतं, फट राहिली तर हवा तिथून निसटते. वायर कॅपमध्ये सैल वाटली तर कॅप फिरवून काढा, वायरचं टोक पाच मिमी छाटा आणि परत फिरवून बसवा.

इचलकरंजीकर
फिल्टर उघडला, पार काळा झालाय. उद्या नवा आणून दोन्ही एकदमच बसवतो.