डोबरमनचं पिल्लू घेतोय, शेपूट कापायचं की ठेवायचं?

नवशिका_पालक

मंडळी जरा घाईत विचारतोय कारण हातात जेमतेम एक दिवस आहे. डोबरमनचं पिल्लू बुक केलंय, एका वेताची आठ पिल्लं, काल पहाटे झाली. आज ब्रीडरचा फोन, की परवा सगळ्यांची शेपटं कापून घेणार आहे, पैसे आधीच्याच रकमेत धरलेत, वेगळे द्यायचे नाहीत. मी म्हटलं थांबा हो, उद्या सांगतो. तो चमकलाच, म्हणे हे आजवर कोणी विचारलं नाही.

आणि हसू नका, पण कालपर्यंत मला वाटायचं डोबरमनला जन्मतःच तेवढंसं बुटकं शेपूट असतं. फोटोत ओला उंदरासारखा गोळा आणि मागे ही एवढी बारीक लांब शेपटी बघून मीच दचकलो.

घरात दोन तट पडलेत. दादा म्हणतो शेपटाचा डोबरमन म्हणजे डोबरमन वाटतच नाही, शिवाय नंतर ते शेपूट कुठेतरी आपटून जखमा होतात, त्यापेक्षा आत्ताच उरकलेलं बरं, एवढ्याशा पिल्लाला काय कळतंय. बायको म्हणते कापलंत तर पिल्लू तुम्ही दोघं भाऊच सांभाळा. मला एवढंच सांगा की खरंच दुखत नाही का, आणि ठेवलं तर पुढे त्रास होतो का? मोठेपणी वाटलं तर कापता येतं का हेही.

सुईदोरा

व्हेट आहे, म्हणजे प्राण्यांचा डॉक्टर. सुरुवातीच्या वर्षांत मीही केलंय हे काम, लपवत नाही, सीनियर करायचे म्हणून आम्ही करायचो. आता फक्त जखम, गाठ वगैरे असेल तरच शेपटाला हात लावतो.

पिल्लू तळहातावर मावतं, डोळे मिटलेले, कानाची भोकंही अजून बंद. एकाने धरायचं, दुसऱ्याने शेपटाची कातडी बुडाकडे ओढून ठेवायची म्हणजे कापल्यावर ती पुढे सरकून मणका झाकते, आणि कात्री. डोबरमनला दुसऱ्या मणक्याच्या आसपास. मग एखादा टाका, कधी तोही नाही. भूल बहुतेक वेळा देतच नाहीत. काही ब्रीडर घट्ट रबर बँड चढवतात, रक्त बंद होऊन पुढचा भाग काळा पडतो आणि काही दिवसांत गळून जातो, आणि हे म्हणे "नैसर्गिक" पद्धतीने!

दुखतं का? दुखतं. "या वयात नसाच तयार नसतात" हे मी कॉलेजात असताना ऐकलेलं वाक्य आहे आणि ते चूक आहे. दुखणं वर पोचवणाऱ्या नसा जन्मतः काम करतात, उलट मेंदूकडून ते दुखणं दाबणारी यंत्रणा पुढे हळूहळू तयार होते. ऑस्ट्रेलियात 50 पिल्लांची शेपटं कापताना निरीक्षण केलं होतं, 1996 साली छापून आलं, त्यात डोबरमन आणि रॉटवायलरही होती. कापताना झाडून सगळी किंचाळली. आईपाशी ठेवल्यावर काही मिनिटांत शांतही झाली. गंमत अशी की कापा म्हणणारे त्यातलं दुसरं वाक्य सांगतात आणि कापू नका म्हणणारे पहिलं.

मोठेपणी कापणं म्हणजे पूर्ण भूल देऊन केलेलं ऑपरेशन, ते हौसेसाठी कोणी शहाणा व्हेट करणार नाही. आणि कधीकधी कापल्या टोकाशी नसांची गाठ बनते, मग मोठा झालेला कुत्रा उगाच मागे वळून तिथे चावत बसतो, हात लावला की गुरगुरतो, मालकाला वाटतं याचा स्वभावच वाईट.

रानमोगरा

मी जरा उलट्या बाजूने बोलते, शिव्या खायची तयारी ठेवून.

आमचा स्पॅनियल पूर्ण शेपटाचा होता. आनंदी प्राणी, माणूस दिसलं की नुसतं शेपूट नाही तर कमरेपासून मागचा सगळा भाग हलायचा. दोन वर्षांचा असताना एकदा दाराच्या चौकटीवर आपटून टोक फुटलं. नखाएवढी जखम असेल. पण टोकाला मांस म्हणून काही नसतंच, नुसती कातडी आणि हाड, ती भरेना. खपली धरली की हा गोंडा घोळणार, की पुन्हा फुटणार. संध्याकाळी घरी आले तर पॅसेजच्या दोन्ही भिंतींवर गुडघ्याच्या उंचीला बारीक लाल शिंतोडे, कोणीतरी रंगात ब्रश बुडवून झटकल्यासारखे, आणि मधोमध हा उभा, मला बघून अजून जोरात हलवतोय! बँडेज बांधलं की दहा मिनिटांत उडून सोफ्याखाली. गळ्यात फनेल घातलं तर ते घेऊन फर्निचरवर आदळायचा. अडीच महिने हे चाललं, शेवटी भूल देऊन निम्मं शेपूट काढावंच लागलं. त्यानंतर आठ दिवस तो वळून वळून मागे बघायचा ते मला अजून आठवतं.

म्हणून मला वाटतं की दोन दिवसांचा असताना दोन सेकंदांत झालं असतं तर त्याचे ते अडीच महिने वाचले असते. दुखतं हे मान्य, पण काय कमी दुखतं तेही बघा ना.

आकडेमोड

रानमोगराताई, तुम्हाला शिव्या कशाला, तुम्ही सांगताय तो त्रास खराच आहे, त्याला हॅपी टेल म्हणतात. फक्त तो किती कुत्र्यांना होतो हे बघायला पाहिजे.

ब्रिटनमध्ये 2010 साली मोठा अभ्यास आला. 52 दवाखाने, एक लाख अडतीस हजारांवर कुत्री, आणि शेपटाच्या जखमा किती तर 281. हिशेब करून त्यांनी काढलं की एक जखम टाळायला साधारण 500 कुत्र्यांची शेपटं कापावी लागतील. स्पॅनियलना धोका जास्त निघाला, म्हणजे तुमचा अनुभव त्यात बरोबर बसतो. पण ग्रेहाउंड आणि व्हिपेटही त्याच यादीत आहेत, आणि त्यांची शेपटं तर कोणी कापतच नाही! जखमा होतात म्हणून कापतो असं असतं तर पहिला नंबर ग्रेहाउंडचा लागायला हवा होता.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर एकांगी होईल. स्कॉटलंडमध्ये खास शिकारीवर काम करणाऱ्या कुत्र्यांच्या मालकांना विचारलं तेव्हा शेपूट न कापलेल्या स्पॅनियलपैकी 56.6 टक्क्यांना एका सीझनमध्ये निदान एक जखम झालेली निघाली. काटेरी झुडपात घुसून शेपूट झाडत पळणारे कुत्रे, होणारच. स्कॉटलंडने 2007 मध्ये सरसकट बंदी घातली होती, ती नंतर 2017 मध्ये काम करणाऱ्या स्पॅनियल आणि पॉइंटर-रिट्रीव्हर गटातल्या पिल्लांपुरती सैल केली, तीही टोकाकडचा एक तृतीयांश भाग एवढीच. मला हे पटतं, कारण यात निदान काम काय आणि कापायचं किती याचा संबंध आहे. डोबरमनचं बुडापासून छाटणं कोणत्या हिशेबात बसतं? तो काय झुडपात घुसणार आहे, सोफ्यावर बसणार आहे.

अजून एक. जर्मन शॉर्टहेअर पॉइंटरचं शेपूट कापतात आणि इंग्लिश पॉइंटरचं ठेवतात. दोघं त्याच झुडपात तेच काम करतात.

तिरकस_काका

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, म्हणून माणसाने नळीचा नाद सोडून कात्री आणली एवढाच काय तो इतिहास 😀

बाकी कारणं मात्र दर जमान्यात नवीन. कोलुमेला म्हणून शेतीवर लिहिणारा रोमन होता पहिल्या शतकात, त्याच्या पुस्तकात आहे की पिल्लू चाळीस दिवसांचं झालं की शेपटाचं टोक तोडा म्हणजे ते पिसाळत नाही. मेंढपाळ असं म्हणतात, असं तोच सांगतो. आता रेबीजची लस निघाली पण कात्री काही ठेवली नाही, मग मारामारीत पकडायला नको म्हणून, मग घाण लागते म्हणून, आणि आता शोमध्ये बरं दिसतं म्हणून. नवशिकाराव, तुमच्या दादाला विचारा, यातलं कुठलं?

नवशिका_पालक

काका, विचारलं. म्हणाला "रुबाब". 😅

ओलं_नाक

रुबाबाचंच म्हणत असाल तर ऐका. डोबरमन ज्या जर्मनीचा, त्याच जर्मनीत शेपूट कापायला 1998 पासून बंदी आहे (शिकारी कुत्र्यांना सूट आहे). आणि एफसीआय, म्हणजे जगभरच्या केनेल क्लबांची संघटना, त्यांच्या 2015 नंतरच्या डोबरमन स्टँडर्डमध्ये (जात कशी दिसावी याचा नियम) शेपूट आणि कान दोन्ही नैसर्गिकच हवेत. अमेरिकन केनेल क्लब मात्र अजून कापलेलं शेपूट स्टँडर्डमध्ये धरतो, आणि तिथल्याच व्हेट लोकांची संघटना नुसत्या दिसण्यासाठी कापायला विरोध करते. म्हणजे दादाच्या डोक्यात जो "खरा डोबरमन" आहे तो नेमका कुठल्या कागदावरचा, हे आधी ठरवा.

मला यातला सगळ्यात मोठा मुद्दा वेगळाच वाटतो, तो म्हणजे बोलणं. कॅनडात 2008 च्या आसपास दोघा संशोधकांनी रिमोटवर चालणारा खोटा कुत्रा बनवला होता, कधी लांब शेपूट लावायचं कधी बुटकं, कधी हलवायचं कधी स्थिर ठेवायचं, आणि बागेत येणारी खरी कुत्री काय करतात ते बघायचं. लांब शेपूट हलत असलं की मोठी कुत्री बिनधास्त जवळ यायची, ताठ असलं की बिचकायची. बुटक्याला मात्र हललं काय न हललं काय, फरकच कळत नव्हता. इटलीतल्या लोकांनी तर दाखवलंय की मालक दिसला की शेपूट उजवीकडे जास्त झुकतं आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे.

माझ्याकडे आधी कापलेल्या शेपटाची रॉटवायलर होती, आता पूर्ण शेपटाचा आहे. आधीचीला फिरायला नेलं की समोरचे कुत्रे आधी थबकायचे. ती बिचारी तिचं ते अंगठ्याएवढं खुंट हलवत असायची, पण ते समोरून दिसणार कसं? हिच्यावर भुंकतात म्हणून मग तीही भुंकायला शिकली. आता हा लांबूनच शेपटाने सांगत येतो की मी येतोय, माझ्या मनात काही नाही. अर्थात दोघांचे स्वभावही वेगळे, सगळं शेपटावर ढकलणार नाही.

जीन्सवाला

थोडं अवांतर पण भारी आहे म्हणून. नवशिकांना वाटायचं तशी जन्मतः बुटक्या शेपटाची कुत्री खरंच असतात, पेम्ब्रोक कॉर्गी, ब्रिटनी वगैरे जातींत. एका जीनमधल्या बदलामुळे. तो आई किंवा बाप एकाकडून आला तरी शेपूट आखूड होतं, पण दोघांकडून आला तर ते पिल्लू पोटातच जातं, जन्मालाच येत नाही. म्हणून दोन बुटक्यांचं मेटिंग शहाणे ब्रीडर टाळतात.

ब्रूस कॅटनॅक म्हणून ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ होते, स्वतः बॉक्सर जातीच्या कुत्र्यांचे ब्रीडर. शेपूट कापण्यावर बंदी येणार असं दिसायला लागल्यावर त्यांनी 1990 च्या दशकात बॉक्सरचं कॉर्गीशी क्रॉस केलं आणि मग पिढी दर पिढी परत बॉक्सरशी. काही पिढ्यांतच दिसायला अस्सल बॉक्सर आणि शेपूट जन्मतः बुटकं! शोमध्येही गेले ते कुत्रे. ज्याला तो आकारच हवाय त्याने एवढी मेहनत घ्यावी असं माझं मत. (डोबरमनमध्ये हा जीन नाहीये, त्यामुळे तुमच्या ब्रीडरने उद्या "हे जन्मतःच असं" सांगितलं तर मान डोलावू नका.)

नवशिका_पालक

सगळ्यांचे आभार. काल रात्री दादाला शेजारी बसवून सगळं वाचून दाखवलं. 500 चा आकडा त्याला पटला नाही, म्हणतो तो एक कुत्रा आपलाच निघाला तर? पण सुईदोरांनी लिहिलेलं कातडी मागे ओढायचं ते वाचताना गप्प झाला. नंतर म्हणाला, तू सांग त्याला, मी नाही सांगणार.

सकाळी फोन केला. ब्रीडर आधी म्हणाला पिल्लू नंतर परत घ्यायचं नाही, मग म्हणाला बाकी सातांचं करणारच, बाकीच्यांनी तसंच सांगितलंय. त्यावर मला काही बोलता आलं नाही. आमच्या पिल्लाच्या गळ्यात हिरवी लोकर बांधून ठेवतो म्हणजे चुकायला नको, असं म्हणाला. तेवढ्यावर विश्वास ठेवावा का उद्या स्वतः जाऊन उभं राहावं?

सुईदोरा

स्वतः जा. लोकर पिल्लं चोखून काढतात.

रानमोगरा

बरं केलंत, मी आता भांडणार नाही. फक्त एक लक्षात ठेवा, टोक फुटलंच कधी तर पहिल्याच दिवशी व्हेटकडे जा, आम्ही आठवडा घालवला तिथेच चुकलं. आणि बँडेजवर पाइपाला लावतात तो फोमचा नळा हलका बसवायचा, टोकाच्या पुढे चार बोटं येईल असा, आणि चिकटपट्टी वर केसांपर्यंत न्यायची, म्हणजे उडत नाही. घट्ट मात्र बांधू नका, सूज आली तर तेच रबर बँडसारखं होतं. हे मला अडीच महिन्यांनी कळलं.