वॉर्डातलं वातावरण कसं बदलावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी एका खासगी रुग्णालयात वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. पगार वेळेवर होतो, ड्युट्याही तशा बऱ्या लागतात, तरी पोरी टिकत नाहीत. हँडओव्हरला (ड्युटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरला देतात तेव्हा) सगळ्या मान खाली घालून उभ्या. पेशंट गेला, तर 'बेड लवकर रिकामा करा' एवढंच बोलणं होतं. परवा एक नवी मुलगी लिनन रूममध्ये रडत होती, तर सीनियर म्हणाली, "हे घरी जाऊन रडायचं." (आम्हीही असंच शिकलो म्हणा.)

सिगल बारसेड आणि ऑलिव्हिया ओनील या संशोधकांचा २०१४ चा अभ्यास वाचनात आला. वृद्ध-आजारी माणसांच्या शुश्रूषा केंद्रातला, १६ महिन्यांचा. जिथे कर्मचारी एकमेकांशी मायेनं वागत, तिथे दांड्याही कमी अन् मनाचा थकवाही कमी. पटलं. पण आमच्याकडे वाढदिवसाचे केक सुरू झाले, त्यानं काडीचा फरक पडला नाही.

मृत्यूनंतर स्टाफनं पाच मिनिटं एकत्र बसायचं, असं कुणी वॉर्डात सुरू केलंय का? तेवढ्यात बेल वाजली तर उठतं कोण? आणि सीनियर सिस्टरांना न दुखवता हे सांगायचं कसं?